बेळगावात दोन दिवस: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईकडची माणसं बेळगावला येतात ती बहुतेक गोव्याला जाता जाता. हायवे सोडून आत वळतात, जेवतात, कुंद्याचा डबा घेतात आणि चोर्ल्याच्या रस्त्याला लागतात. आमच्या घरी असे पाहुणे मी लहानपणापासून बघत आले आहे. ताटावरून उठता उठता त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. एकदा मी मामेभावाला हट्टानं दोन रात्री ठेवून घेतलं. त्याचं दोन दिवसांचं फिरणं आखताना मी जे कागदावर लिहून काढलं, तेच थोडं वाढवून इथे देते आहे. शनिवार-रविवार पुरेसे आहेत, पण शुक्रवारी रात्रीच येऊन राहा, म्हणजे शनिवारची सकाळ वाया जात नाही. इथली सकाळ वाया घालवण्यासारखी नसते.

तारीख ठरवताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो आणि एप्रिल-मेमध्येही संध्याकाळी वारं सुटतं. जून ते सप्टेंबर पाऊस मनापासून पडतो. छत्रीवर भिस्त ठेवू नका, रेनकोट आणा. धबधबे बघायचे असतील तर मात्र तोच काळ धरा.

दोन-तीन तारखा टाळा. 1 नोव्हेंबरला सरकारी राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिवस पाळतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, ते दुखणं अजून बरं झालेलं नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दिवसाच्या आसपास दोन्ही राज्यांच्या बस कधी कधी सीमेवरच थांबतात. दुसरा काळ डिसेंबरातल्या विधिमंडळ अधिवेशनाचा. हायवेलगत सुवर्ण विधानसौध आहे, तिथे ते भरतं. त्या दिवसांत लॉजवर खोली मिळणं मुश्कील होतं, आणि मिळाली तरी दर चढलेला असतो.

एक तारीख मात्र मुद्दाम गाठावी अशी आहे. आमच्याकडे शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते. रात्रभर गल्ल्या जाग्या असतात. त्या वेळी यायचं असेल तर राहण्याची सोय महिनाभर आधी करा आणि रात्री गाडी घेऊन पेठेत शिरू नका.

पोचणं आणि राहणं

कोल्हापूरहून बेळगाव साधारण 110 किलोमीटर, बसनं दोन-अडीच तास. कागल सोडलं, कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक लागतं. मग निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव. पुण्याहून रेल्वेनं येणं आरामाचं. मिरज-लोंढा मार्गावरचं हे मोठं स्टेशन आहे आणि 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारतही इथे थांबते. सावंतवाडीकडून आंबोली घाटानं, गोव्याकडून चोर्ला घाटानं येता येतं. पावसाळ्यात हे दोन्ही घाट दिवसाउजेडीच उतरा-चढा. विमानतळ सांबऱ्याला, शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर.

बायकांसाठी तिकिटाची एक गोष्ट. महाराष्ट्राच्या एसटीत मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत सीमेपर्यंतच धरतात. इकडच्या बसमध्ये बायकांना जो मोफत प्रवास आहे, तो कर्नाटकातला पत्ता असलेल्या ओळखपत्रावरच मिळतो. शेजारची बाई नुसतं कार्ड दाखवून बसली म्हणून आपणही बसायचं नाही. कंडक्टरला आपणहून तिकीट मागा.

राहायला बसस्टँडच्या परिसरात लॉज भरपूर आणि स्वस्त आहेत, पण पहाटे चारपासून हॉर्न सुरू होतात. झोप प्यारी असेल तर कॉलेज रोड किंवा खानापूर रोडकडचं हॉटेल बघा. दोन्ही ठिकाणांहून पेठ रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

पत्ता आणि भाषा

बेळगावात पत्ता विचारला की घर क्रमांक कुणी सांगत नाही. गल्ली सांगतात, वेस सांगतात नाहीतर गेट सांगतात. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, समादेवी गल्ली ही जुनी पेठ. गोवावेस, बोगारवेस या जुन्या वेशी, आता तिथे नुसते चौक आहेत. आणि टिळकवाडीकडे गेलात की ‘पहिलं गेट’, ‘दुसरं गेट’, ‘तिसरं गेट’ ऐकू येईल, ती रेल्वेची फाटकं. ‘दुसऱ्या गेटाजवळ उतरा’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या बंगल्याचं फाटक शोधत बसू नका. बोगारवेसीला आता धर्मवीर संभाजी चौक म्हणतात. रिक्षावाल्याला दोन्ही नावं कळतात.

शहराचं सरकारी नाव 2014 पासून बेळगावी झालं. रेल्वेच्या आणि बसच्या तिकिटावर तेच शोधा. बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, म्हणून पाटी वाचत बसण्यापेक्षा तोंडानं विचारलेलं बरं. शहरात मराठीवर सगळं भागतं, पण तालुक्याबाहेर पडलात की चार कन्नड शब्द फार उपयोगी पडतात. ‘एष्टु’ म्हणजे किती. ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेडा’ म्हणजे नको. ‘नीरु’ पाणी, ‘ऊटा’ जेवण. शेवटी ‘री’ लावलं की आदर होतो: ‘एष्टु री?’ एवढं म्हणालात तरी समोरचा हसून तुमच्याशी मोडक्या मराठीत बोलायला लागतो. माझा तरी हाच अनुभव आहे, मग बाहेर राजकारण काही का चालू असेना.

आमची मराठीही तुम्हाला जरा वेगळी लागेल. ‘काय करूलालास?’ म्हणजे काय करतो आहेस. ‘ये की’, ‘बस की’, ‘जेव की’ हा ‘की’ आग्रहाचा असतो, त्यात प्रश्न नसतो. आणि चांगली साठीची आजी ‘मी जाऊन आलो’ म्हणाली तर ऐकण्यात चूक झाली असं समजू नका. आमच्याकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी लिहिते ‘आले’, पण घरात ‘आलो’च म्हणते.

शनिवारची सकाळ: किल्ला

साडेसहाला चहा घेऊन निघा. किल्ला मध्यवर्ती बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हा डोंगरावरचा किल्ला नव्हे. सपाटीवर, खंदकानं वेढलेला, आत रस्ते, झाडं आणि लष्कराच्या इमारती असलेला भुईकोट आहे. दारापाशीच गणपती आणि दुर्गादेवीची देवळं आहेत. पहिल्यांदा आलेली माणसं गाडीनं आत एक चक्कर मारून ‘किल्ला कुठे आहे?’ असं विचारतात. म्हणून सांगते, गाडी बाहेर ठेवा आणि पायी चाला.

आधी कमल बस्ती. बस्ती म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती 1204 च्या सुमारास बांधली. बाहेरून काळ्या दगडाचं बसकं बांधकाम दिसतं, त्यामुळे अनेक जण दारातूनच परततात. तुम्ही आत जा, मंडपाच्या मध्यभागी उभे राहा आणि मान वर करा. छतातून दगडी कमळ खाली उमलत आलेलं आहे. त्याच्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस, म्हणजे 72 तीर्थंकर कोरलेले आहेत. सकाळी साडेसात-आठच्या दरम्यान दारातून उजेड आत येतो आणि फरशीवरून परतून वर पाकळ्यांच्या कडांना लागतो. तेव्हा कमळ किती खोल कोरलंय ते कळतं. दुपारी हेच छत नुसतं काळं दिसतं. खांबांवर हात फिरवावासा वाटेल, पण फिरवू नका. आठशे वर्षांची झिलई आहे ती. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे. चपला बाहेर, आवाज हळू. पूजा चालू असेल तर फोटो विचारूनच. शेजारी लहान, भग्न झालेली चिक्की बस्ती आहे, तिच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम न बघता पुढे जाऊ नका.

कमल बस्तीचे काळाची नोंद असलेले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला ते समजल्यापासून त्या मंडपात उभं राहिलं की भिंतीतली रिकामी जागा शोधल्याशिवाय राहवत नाही.

किल्ल्यात सोळाव्या शतकातली सफा मशीदही आहे. ती लष्करी भागात येते, त्यामुळे पहाऱ्यावरच्या जवानाला विचारून, परवानगी असेल तरच जा. 1818 साली पेशवाई बुडताना जनरल मन्रोच्या फौजेनं या किल्ल्याला वेढा घातला होता. पेशव्यांच्या शिबंदीनं तीन आठवडे किल्ला लढवला आणि एप्रिलमध्ये तो इंग्रजांकडे गेला. त्यानंतर इथे छावणी आली आणि आजचं कॅम्प उभं राहिलं.

किल्ला सोडण्याआधी रामकृष्ण मिशनचा आश्रम बघा. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. पहिले तीन दिवस ते रिसालदार गल्लीत सदाशिव भाटे वकिलांकडे राहिले, पुढचे नऊ दिवस वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातल्या घरी. शिकागोच्या परिषदेला अजून वर्षभर अवकाश होता, त्यांना तेव्हा कुणी ओळखतही नव्हतं. हरिपद मित्रांचं ते घर आता स्मारक म्हणून जपलेलं आहे. शांत, स्वच्छ, गर्दी नसलेलं ठिकाण. दहा मिनिटं नुसतं बसा. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

बाहेर आलात की किल्ला तलाव. तिथला 110 मीटर उंच ध्वजस्तंभ शहरात बऱ्याच ठिकाणांहून दिसतो, दिशा चुकली तर तोच धरून चाला.

नाश्ता आणि पेठ

आता भूक लागलेली असेल. पेठेतल्या कुठल्याही जुन्या, गर्दीच्या हॉटेलात शिरा. शिरा-उप्पीट एकाच बशीत मागा. इडली-वडा, पुरी-भाजी आणि मिसळ अशी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची खाद्ययादी इथे एकाच फळ्यावर सापडते. टेबल रिकामं नसेल तर अनोळखी माणसाच्या समोर बसायला संकोचू नका, इथे तसं चालतं.

मग पायी फिरा. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड हे सगळं एकमेकांना लागून आहे. किर्लोस्करांचं नाव रस्त्याला उगाच दिलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं. कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी. हुतात्मा चौकात थांबा. सीमालढ्यात जानेवारी 1956 मध्ये गोळीबारात गेलेल्यांची ती आठवण आहे, आणि दर 17 जानेवारीला तिथे माणसं जमतात.

वाचणारी मंडळी असाल तर सार्वजनिक वाचनालयाच्या दारात जरूर डोकवा. दीडशे वर्षांहून जुनी संस्था आहे. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बसलेली माणसं बघितली की या गावानं मराठी कशी धरून ठेवली ते कळतं. इंदिरा संतांचं आयुष्य याच गावात गेलं. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि त्यांनी अजरामर केलेले रावसाहेबही इथलेच. रावसाहेबांची ती सणसणीत, मायेनं भरलेली मराठी तुम्हाला भाजीवालीच्या तोंडून आजही ऐकायला मिळेल.

पेठेतून दक्षिणेकडे चालत राहिलात तर कपिलेश्वराचं देऊळ लागतं. याला आम्ही दक्षिण काशी म्हणतो. श्रावणी सोमवारी रांग रस्त्यावर येते, एरवी पाच मिनिटांत दर्शन होतं. त्याच्या पलीकडे शहापूर. आज एकच शहर वाटतं, पण शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. शहापूर-वडगावात विणकरांची वस्ती आहे. दुपारच्या शांततेत मागाची खटखट ऐकू येते. साडी घ्यायची असेल तर ‘शहापुरी’ म्हणून विचारा.

दुपारचं जेवण

बारा ते तीन ही खानावळींची वेळ. तीननंतर गेलात तर भाकरी संपलेली असते. साध्या शाकाहारी ताटात जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, एखादी मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, आमटी-भात आणि ताक असतं. आम्ही ज्वारीला जोंधळाच म्हणतो. वांग्याच्या भाजीला काही ठिकाणी ‘येण्णगाई’ म्हणतील, ती तीच. शेंगदाणा-तिळाचं वाटण, वर तेलाची तर्री. भाकरी गरम वाढतात आणि संपायच्या आत दुसरी आणतात, म्हणून पहिलीच सावकाश खा. शेजारी कडक भाकरीची चवड दिसली तर एक मागून बघा. ती पापडासारखी मोडते आणि चटणीबरोबर छान लागते.

मांसाहारी असाल तर सावजी खानावळ शोधा. मटणाचा रस्सा खरोखर जळजळीत असतो. मुलं बरोबर असतील तर ऑर्डर देतानाच ‘कमी तिखट’ सांगा, आणि तरीही ताक मागवून ठेवा. कॅम्पात बिर्याणी चांगली मिळते. मासे गोवा-कारवारकडून येतात, त्यामुळे माशाच्या खानावळीत सोलकढीही हमखास असते.

दुपारनंतर: कॅम्प आणि मराठा रेजिमेंट

जेवून तासभर पडा आणि मग कॅम्पात या. रस्ते एकदम रुंद होतात, झाडं मोठी होतात, हॉर्नचा आवाज मागे राहतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे. रेजिमेंटचा इतिहास 1768 पासून सुरू होतो, आणि 1922 पासून तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. आतलं संग्रहालय हे या दोन दिवसांतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण. पण ते लष्करी हद्दीत आहे, म्हणून तीन गोष्टी पाळा. प्रत्येकानं मूळ ओळखपत्र जवळ ठेवायचं. त्या दिवशी बाहेरच्यांना प्रवेश आहे का, हे सकाळीच फाटकावर विचारून घ्यायचं. आणि फोन बाहेर काढण्याआधी परवानगी मागायची. मामेभावाला घेऊन गेले तेव्हा त्याचं आधार कार्ड लॉजवर राहिलं होतं. तेवढ्यासाठी रिक्षानं परत जाऊन यावं लागलं आणि आत फक्त वीस मिनिटं मिळाली.

वेळ कमी मिळाला तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या दोन मानकऱ्यांपाशी थांबा. नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, इटली. शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945, तेही इटलीत. घाडगे तिथून परत आले नाहीत. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना तो बघितलेल्यांना इथे आल्यावर पुढचा धागा सापडतो. 4 फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिवस, 1670 मध्ये त्याच दिवशी कोंढाणा घेतला म्हणून. त्या सुमारास आलात तर गणवेशातले तरुण पोरगे गटागटानं पेठेत फिरताना दिसतील. त्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे पुष्कळ असतात. गावाचं नाव विचारलं की त्यांचे चेहरे फुलतात.

जवळच मिलिटरी महादेवाचं देऊळ आहे. बाग आणि स्वच्छता बघून घ्या.

संध्याकाळ: टिळकवाडी

उजेड असेपर्यंत काँग्रेस विहिरीवर पोचा. रिक्षावाल्याला ‘काँग्रेस बावी’ किंवा ‘काँग्रेस विहीर’ सांगितलं की पुरे. डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. महात्मा गांधींनी आयुष्यात एकाच अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं, ते हे. जागेला विजयनगर नाव दिलं होतं आणि जमलेल्यांना पाणी मिळावं म्हणून ही विहीर खणली. सगळी व्यवस्था गंगाधरराव देशपांडे यांची. लहानग्या गंगूबाई हनगल तिथे स्वागतगीत गायल्या होत्या. शेजारी वीरसौध नावाची स्मारक-इमारत आहे, तिथे त्या काळातले फोटो आहेत. त्याआधी 1916 साली लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापनाही बेळगावातच केली होती.

गंगाधररावांचं गाव हुदली, इथून फार लांब नाही. तिथे खादीचं काम अजून चालतं. एखादा टॉवेल किंवा कुर्त्याचं कापड हुदलीचं म्हणून मागून घ्या, आठवण म्हणून ते फार चांगलं.

वेळ उरला तर व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेरी मारा. एकेकाळी इथे देवीची लस तयार होत असे. आता चालायला येणाऱ्यांची ती जागा आहे. बाहेरच्या गाड्यांवर मिरची भजी आणि गिरमिट मिळतं. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांना कांदा-टोमॅटोच्या फोडणीचं ओलं वाटण लावून वर शेव. करतात आणि लगेच खायचं असतं, पाच मिनिटांत मऊ पडतं. त्यानंतर रात्रीचं जेवण हलकंच घ्या, उद्या लवकर उठायचं आहे.

रविवार: एकच दिशा धरा

नवखे लोक रविवारी कित्तूर, गोकाक आणि खानापूर सगळं एका दिवसात कोंबतात आणि संध्याकाळी गाडीतच आडवे होतात. पुढच्या तीनपैकी एकच निवडा.

इतिहासाची ओढ असेल तर कित्तूर. धारवाडच्या दिशेनं हायवेनं साधारण पन्नास किलोमीटर, तासाभरात पोचाल. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्माच्या सैन्यानं इंग्रजांचा पराभव केला. त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आली आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथेच 1829 मध्ये ती गेली. 1857 च्या तीन दशकं आधीची ही गोष्ट, पण महाराष्ट्रात ती फारशी कुणाला शाळेत शिकवलेली नसते. वाड्याच्या पडक्या भिंतींतून चालताना खोल्यांची रचना, पाण्याची व्यवस्था अजून ओळखू येते. आवारातच संग्रहालय आहे. शिल्पं, शस्त्रं, लाकडी खांब आधी बघा आणि मग वाड्यात जा, म्हणजे वाडा मनात उभा राहतो. ऑक्टोबरच्या 23 ते 25 ला उत्सव असतो, तेव्हा गर्दी धरून चला.

पावसाळा असेल तर गोकाक. घटप्रभा नदी तिथे 52 मीटर खाली उडी घेते, शेजारी 1885 पासूनची कापडगिरणी आणि नदीवर झुलता पूल. पाणी जास्त असेल तेव्हा कठड्यापलीकडे जाऊ नका, दगड शेवाळलेले असतात. परतताना करदंट घ्या. डिंक, सुकामेवा आणि गूळ घालून केलेली ही वडी बाळंतिणीपासून पैलवानापर्यंत सगळे खातात आणि ती बरेच दिवस टिकते.

फार लांब जायचं नसेल, परतीची गाडी दुपारीच असेल, तर राजहंसगड. येळ्ळूरजवळ, शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. लहान गड आहे, आत सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा. वर पोचायला सात वाजायच्या आत निघा. धुकं उतरत असताना तटावरून लांबवर शहर आणि खाली भाताची खाचरं दिसतात. बेळगावचा वासाचा तांदूळ याच बाजूच्या गावांत पिकतो. पाणी आणि खाणं खालूनच न्या. नवरात्राच्या सुमारास आलात तर वाटेत रताळ्यांची पोती भरताना दिसतील. शेतकऱ्याकडून दोन किलो घ्या, आमच्या मातीतलं रताळं उकडलं की साखर लागत नाही.

निघताना: कुंदा आणि मांडे

हे काम शेवटच्या दोन तासांसाठी ठेवा. कुंदा म्हणजे दूध दह्याबरोबर आटवत, साखर करपण्याच्या बेतापर्यंत परतत केलेली दाणेदार, तपकिरी मिठाई. तो प्रत्येक मिठाईवाल्याकडे मिळतो, पण दोन दुकानांची चव एक नसते. आधी चमचाभर चाखायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. रंग फार गडद असेल तर किंचित कडवट झाक येते. काहींना तीच आवडते. एक चूक माझ्या हातून झाली आहे ती तुम्ही करू नका. एका मे महिन्यात नणंदेसाठी मी कढईतून नुकताच काढलेला कुंदा गरम असतानाच प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवला. मुंबईत डबा उघडला तेव्हा आत पाणी सुटून तो आंबला होता. थंड झालेला कुंदाच भरून घ्या, डबा हवेशीर पिशवीत ठेवा आणि घरी पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका.

मांडे मात्र करताना बघितले पाहिजेत. दुकानदाराला विचारा, भट्टी कधी पेटते. पालथी घातलेली मोठी कढई, खाली जाळ. बाई मऊ पिठाची खवा-साखर भरलेली गोळी लाटते, मग ती दोन्ही हातांच्या पाठीवर झेलत, फिरवत मोठी मोठी करत नेते, इतकी की पलीकडचा जाळ तिच्यातून दिसतो. एकदाच हात उलटतो आणि मांडा कढईवर पडतो. कुठे भोक नाही की घडी नाही. काही क्षणांत तो काढून गरम असतानाच चौकोनी घडी घालायची. दहाएक सेकंद उशीर झाला तर मोडतो, कारण निवताच तो कागदासारखा कुरकुरीत होतो. पूर्वी लग्नाच्या रुखवतात मांडे असलेच पाहिजेत असा रिवाज होता, अजूनही अनेक घरांत आहे. ‘मनातले मांडे’ म्हणतात ते का, हे पिठाची ती गोळी हातावर मोठी होताना बघितलं की कळतं.

मांड्यांचा पुडा बॅगेत घालू नका. गाडीत मांडीवर घ्या, किंवा वरच्या फळीवर एकटा ठेवा, त्यावर दुसरं काही नको. तरीही घरी पोचेपर्यंत थोडा चुरा होणारच. तो टाकू नका. वाटीत घ्या, वर गरम दूध आणि चमचाभर साजूक तूप सोडा आणि लगेच खा. आमच्या घरची मुलं तर अख्खा मांडा सोडून आधी चुराच मागतात.